ड्रिफ्टसाठी गाडी जुळवताना

‘फोर्झा होरायझन ५’मध्ये ड्रिफ्टचा नाद लागलेला नवा खेळाडू पहिल्या संध्याकाळी काय करतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. साठवलेले सगळे क्रेडिट तो इंजिनावर उडवतो, हजार-बाराशे अश्वशक्तीची गाडी घेऊन गेममधल्या मेक्सिकोच्या डोंगरातलं एखादं वळण गाठतो आणि ट्रिगर तळापर्यंत दाबतो. गाडी गिरकी घेऊन कठड्याला टेकते. चार वेळा टेकल्यावर तो दुसऱ्या कुणीतरी बनवलेला सेटअप उतरवून घेतो. आता गाडी बरी वागते, पण ती का बरी वागते हे कळायला मार्ग नसतो. उतरवून घेतलेल्या सेटअपचे आकडे या गेममध्ये कुलूपबंद असतात. ते बघताही येत नाहीत आणि बदलताही येत नाहीत. म्हणून स्वतःची गाडी स्वतः जुळवायला शिकलेलं बरं.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. मागच्या चाकांवर चालणारी कुठलीही गाडी घसरवता येते; हँडब्रेक ओढला की झालं. खरी कसरत आहे ती घसरलेली गाडी तशीच आडवी धरून, वेग न घालवता, या वळणातून त्या वळणात नेण्याची. ट्यूनिंग करायचं ते त्यासाठी. त्यामुळे मागची पकड जितकी कमी तितका ड्रिफ्ट चांगला, हा हिशेब चुकतो. मागच्या चाकांना पकड हवीच, नाहीतर गाडी पुढे ढकलणार कोण? फक्त ती पकड कधी सुटेल आणि कधी परत येईल, हे तुमच्या बोटांना आधी कळलं पाहिजे.

ताकदीचा मोह आवरायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९७० च्या दशकात जपानी रेसर कुनिमित्सु ताकाहाशी वळणात गाडी आडवी घालून बाहेर काढायचे. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन केइची त्सुचिया डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तेच करायला शिकला आणि पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखला गेला. त्याचं नाव ज्या टोयोटा एई८६ शी कायमचं जोडलं गेलं, तिचं १६०० सीसीचं इंजिन सुमारे १३० अश्वशक्तीचं आणि गाडीचं वजन टनाच्याही आत. (वळणांची ओढ तुम्हाला ताम्हिणी घाटात लागली असली तरी हा प्रयोग पडद्यावरच करायचा, हे वेगळं सांगायला नको.) गेममधले मोठे ड्रिफ्ट झोन, म्हणजे ड्रिफ्टला गुण देणारे रस्त्याचे ठरावीक पट्टे, वेगालाही गुण देतात, त्यामुळे तिथे १३० अश्वशक्ती पुरत नाही. पण शिकायला चारशे ते पाचशे पुष्कळ झाली.

गाडी आणि गॅरेज

पहिली गाडी निवडताना इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, एवढं पाहा. निसान सिल्व्हिया, माझदा आरएक्स-७, बीएमडब्ल्यू एम३ या पिढ्यान्‌पिढ्या ड्रिफ्टसाठी वापरल्या गेलेल्या गाड्या गेममध्ये आहेत आणि त्या उगाच लोकप्रिय झालेल्या नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फार कमी असलेली गाडी चटकन वळते आणि तितक्याच चटकन फिरून जाते. फार लांब गाडी आळशी, पण क्षमाशील. सिल्व्हिया या दोन्हींच्या मध्ये बसते. इंजिन मध्यभागी असलेल्या सुपरकार दिसायला कितीही देखण्या असल्या तरी सध्या बाजूला ठेवा. त्या एकदा फिरायला लागल्या की थांबत नाहीत.

चारही चाकांवर चालणारी गाडी घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. रॅली ड्रायव्हर केन ब्लॉकची प्रसिद्ध ‘हूनिकॉर्न’ मस्टँग तशीच आहे आणि ती गेममध्येही आहे. अशा गाडीने ड्रिफ्ट झोनमधले तारे लवकर मिळतात, कारण पुढची चाकं तिला सारखी ओढून सरळ करत असतात. पण त्यामुळेच तुमच्या हाताला काही शिकायला मिळत नाही. आधी मागच्या चाकांवर हात बसू द्या.

गॅरेजमध्ये इंजिनाच्या आधी ड्रिफ्ट सस्पेन्शन घ्या. ते महत्त्वाचं आहे स्टेअरिंगच्या कोनासाठी. प्रत्यक्षातल्या साध्या गाडीची पुढची चाकं पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत वळतात. स्पर्धेतल्या ड्रिफ्ट गाडीची साठच्या आसपास जातात. गाडी जितकी आडवी होईल तितकं उलट स्टेअरिंग लागतं, आणि चाकं वळायची थांबली की तिथून पुढे गाडी तुमची राहत नाही. गेममध्ये हा जादा कोन ड्रिफ्ट सस्पेन्शनच देतं. त्यानंतर रेस डिफरन्शियल आणि रेस गिअरबॉक्स घ्या, कारण त्यांच्याशिवाय ट्यूनिंगच्या पडद्यावरचे निम्मे खटके बंदच राहतात. पुढचे टायर मिळतील तितके रुंद, मागचे ताकदीच्या मानाने. पुढचे-मागचे अँटिरोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारे) घेतलेत तर तेही जुळवता येतात. इंजिन सगळ्यात शेवटी, आणि तेही असं की रेस देताच ताकद सरळ चढत जाईल. मोठा टर्बो आधी झोपलेला असतो आणि मग अचानक लाथ मारतो. नवशिक्याला ती लाथ वळणाच्या मध्यावरच बसते.

गाडी हलवण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा. ते चालू असतील तर पुढचं सगळं वाचणं फुकट, कारण गाडी घसरू न देणं हेच त्यांचं काम. गिअर मॅन्युअल ठेवा. जमलं तर क्लचसह. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्टेअरिंगचा आतला डेडझोन शून्यावर आणि बाहेरचा शंभरावर आणा, म्हणजे स्टिकची पूर्ण हालचाल वापरता येईल. आपल्याकडे पीसीवर कीबोर्डनेच खेळणारे पुष्कळ आहेत. कीबोर्डवर रेस एक तर शून्य किंवा शंभर टक्के, अर्धी मिळतच नाही. त्यांनी ताकद आणखी कमी ठेवावी, साडेतीनशेच्या आत, आणि गिअर थोडे लांब ठेवावेत. मग कळ पूर्ण दाबली तरी चाकं एकदम पेटत नाहीत.

गिअर: इथे वेळ घालवा

ड्रिफ्टच्या सेटअपमध्ये सगळ्यात जास्त फरक गिअर पाडतात आणि सगळ्यात कमी लक्ष त्यांच्याकडेच जातं. त्याचं कारण मागच्या चाकांचा वेग आणि गाडीचा वेग यांत दडलेलं आहे. गाडी ताशी ८० किलोमीटरने आडवी चालली असेल, तेव्हा मागची चाकं १३० च्या वेगाने फिरत असू शकतात. फरकाचा सगळा धूर होतो. म्हणजे गिअर निवडायचा तो चाकांच्या वेगाला, रस्त्यावरच्या वेगाला नव्हे. शर्यतीसाठी जुळवलेल्या गाडीत दुसरा गिअर जिथे बरोबर वाटतो, तिथे ड्रिफ्टमध्ये तो क्षणात लाल रेषेला भिडतो. तुम्ही घाईने तिसरा टाकता, आरपीएम कोसळतात, चाकांना पकड मिळते आणि गाडी झटका देऊन सरळ होते. या झटक्याचा दोष बहुतेक जण सस्पेन्शनला देतात आणि स्प्रिंगा बदलत बसतात.

साधारण असं ध्येय ठेवा: एखादा झोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गिअरमध्ये करता यावा. आखूड वळणांना तिसरा, लांब वळणांना चौथा. मोकळ्या जागेत तिसऱ्यात गोल ड्रिफ्ट धरा आणि इंजिनाचा आवाज ऐका. रेस अर्ध्यावर असताना आरपीएमचा काटा वरच्या तिसऱ्या भागात खेळत राहिला तर गिअर बरोबर आहे. काटा सारखा लाल रेषेला आपटत असेल तर फायनल ड्राइव्ह (सगळे गिअर एकत्र लांब-आखूड करणारा आकडा) ‘स्पीड’कडे थोडा सरकवा. पूर्ण रेस देऊनही इंजिन गुरगुरतंय, चाकं पकड घेतायत, गाडी सरळ व्हायला बघतेय, असं असेल तर ‘ॲक्सिलरेशन’कडे. फायनल ड्राइव्ह बसल्यावर तिसरा आणि चौथा एकमेकांच्या जवळ आणा, म्हणजे वळणात चौथा टाकावा लागला तरी आरपीएम फार पडत नाहीत. पहिल्या गिअरचं काय करायचं ते करा. ड्रिफ्टमध्ये तो लागत नाही.

डिफरन्शियल त्यामानाने सोपं. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून रोजच्या गाडीत दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. ड्रिफ्टमध्ये ही मोकळीक नको. ती राहिली तर वजन हलकं झालेलं आतलं चाक एकटंच फिरत राहतं आणि बाहेरचं रस्ता धरून बसतं. म्हणून ॲक्सिलरेशनचा आकडा थेट शंभर टक्के करा, दोन्ही चाकं एकत्र फिरतील. डिसेलरेशनमध्ये मात्र आवडीनिवडीला जागा आहे. तो आकडा जास्त ठेवला तर रेस सोडल्यावरही गाडी घसरत राहते, कमी ठेवला तर ती सरळ व्हायला बघते. पन्नासावर सुरू करा. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना गाडी मध्येच सरळ होऊन अडखळत असेल तर वाढवा.

हवा आणि अलाइनमेंट

टायरमधल्या हवेचे आकडे पेट्रोल पंपावर ऐकू येणारेच, तीस-बत्तीसच्या आसपासचे. पुढे २८ ते ३० पीएसआय ठेवून ते विसरून जा. मागचा आकडा हा तुमचा रोजचा खटका. हवा वाढवली की पकड कमी होते, कमी केली की वाढते. इंजिनात दम कमी असेल तर मागे हवा वाढवून चाकांना सुटायला मदत करा. दम जास्त असेल तर हवा कमी करून त्यांना जमिनीवर ठेवा. एक किंवा दोन पीएसआयने बदला, दहाने नको. आणि लक्षात ठेवा, ड्रिफ्टमध्ये मागचे टायर झपाट्याने तापतात आणि तापले की आतला दाब चढतो. त्यामुळे पहिल्या मिनिटात जी गाडी छान वाटली ती पाचव्या मिनिटात निसरडी होऊ शकते. परीक्षा घ्यायची ती तापलेल्या टायरची. टेलिमेट्रीच्या पडद्यावर तापमान आणि दाब दोन्ही दिसतात.

अलाइनमेंटच्या पानावर लोक दुसऱ्यांचे आकडे डोळे मिटून उतरवतात: पुढचा कँबर (चाकाचा आत-बाहेर कल; उणे म्हणजे माथा आत) उणे पाच, कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे कल) सात. आकडे साधारण बरोबरच असतात, पण त्यामागचं कारण कळलं तर ते कधी बदलायचे हेही कळतं. समजा, डाव्या वळणात गाडी आडवी आहे. वजन उजव्या बाजूला गेलंय, म्हणजे उजवं पुढचं चाक सगळा भार वाहतंय. तुम्ही उलट स्टेअरिंग मारलंय, म्हणजे चाकं उजवीकडे वळलीत. कॅस्टर जास्त असला की चाक वळताना नुसतं वळत नाही, कलतंही. आणि उजवीकडे वळलेलं उजवं चाक डोक्याकडून बाहेर कलतं. मग टायरचा पट्टा रस्त्यावर सपाट न बसता कडेवर चालायला लागतो. हे आधीच गृहीत धरून पुढच्या चाकांना भरपूर उणे कँबर देतात. गाडी उभी असताना ती फेंगडी दिसते, पण आडवी झाली की तेच चाक रस्त्यावर नीट बसतं.

मग कॅस्टर मुळात कमीच का ठेवू नये? कारण गाडी घसरताच स्टेअरिंग आपोआप उलट दिशेला वळवण्याचं काम तोच करतो. कॅस्टर पुरेसा असला की पुढची चाकं गाडी जिकडे जातेय तिकडे स्वतःहून तोंड करतात, तुम्ही फक्त सावरायचं. म्हणून तो सातवर ठेवा आणि कँबर उणे चार ते पाचच्या मध्ये. टेलिमेट्रीत धावत्या गाडीचा कँबर दिसतो. पूर्ण कोनात भार वाहणारं चाक शून्याच्या आसपास आलं की जुळलं. पुढच्या चाकांना थोडा टो-आउट द्या, म्हणजे त्यांची तोंडं किंचित बाहेर वळवा; एकापासून सुरुवात करा. उलट स्टेअरिंगमध्ये भार वाहणाऱ्या चाकाला त्यामुळे तेवढाच जादा कोन मिळतो आणि गाडी लवकर प्रतिसाद देते. सरळ रस्त्यावर ती जराशी चुळबुळते, पण आपल्याला सरळ जायचंय कुठे? मागच्या चाकांना कँबर जेमतेम उणे अर्धा ते एक, आणि टो शून्य किंवा किंचित आत. मागचा टायर सपाट बसला पाहिजे, तोच गाडी ढकलतो.

स्प्रिंगा, शॉकअप आणि अँटिरोल बार यांत मात्र नवशिक्याने फार गुंतू नये. पुढची बाजू मध्यमपेक्षा थोडी कडक, मागची थोडी मऊ, म्हणजे रेस दिली की गाडी मागे बसते आणि चाकांवर वजन येतं. उंची कमी ठेवा, पण अगदी तळाला नको. घाटातल्या खड्ड्यांवर पोट घासलं की गाडी उडी मारते. शॉकअपचा बंप (दाबला जातानाचा विरोध) हा रिबाउंडच्या (परत सुटतानाच्या विरोधाच्या) साधारण साठ टक्के. ब्रेक होते तिथे राहू द्या. मागचा मोठा पंख दिसायला हवा असेल तर लावा, त्याचा दाब कमीत कमी ठेवा.

काय बिघडलंय ते ओळखणं

पहिली चाचणी ड्रिफ्ट झोनमध्ये घेऊ नका. सपाट, मोकळी, कोरडी जागा शोधा. या गेममध्ये ऋतू दर आठवड्याला बदलतो, आणि पावसाच्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर जुळवलेली गाडी उन्हात अनोळखी होते. आधी एकाच गोलात गाडी धरून ठेवा. ते जमलं की आरटीओत लायसन्ससाठी काढतात तसा आठ काढा. गोलात गिअर आणि टायर कळतात. आठाच्या मध्यावर, जिथे गाडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पलटते, तिथे डिफरन्शियल आणि सस्पेन्शनचे दोष उघडे पडतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर त्यातली एक बहुधा बिघडलेलीच असते आणि ती कोणती हे कळत नाही. चाचणीत रिवाइंडही वापरू नका. ते तुम्हाला चूक होण्याआधीच्या वेगासह परत उभं करतं, आणि वळणात शिरतानाची मूळ गडबड झाकली जाते.

गोलात रेस वाढवली की गाडी फिरून जात असेल तर दोनच कारणं शोधा: मागे पकड फार कमी आहे, किंवा पुढे कोन पुरत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना फिरली तर कोन कमी, म्हणजे पुढचा टो-आउट वाढवा. स्टेअरिंगला अजून वाव असताना फिरली तर मागची हवा एक पीएसआयने कमी करा. गाडी फिरत नाही, पण धूर भरपूर आणि पुढे सरकणं शून्य, नुसती बाहेर वाहत जातेय, असं असेल तर गिअर फार आखूड आहे. फायनल ड्राइव्ह ‘स्पीड’कडे न्या. गाडी सारखी सरळ होतेय तर उलट: आधी गिअर, मग मागची हवा. पलटताना मागची बाजू चाबकासारखी दुसऱ्या टोकाला जात असेल तर मागचा अँटिरोल बार थोडा मऊ करा. आणि वळणात शिरतानाच गाडी आडवी व्हायला नकार देत असेल, तर आकड्यांना हात लावण्याआधी स्वतःकडे पाहा. वळणाआधी स्टेअरिंग क्षणभर उलट दिशेला मारून मग वळवलं, किंवा क्लच दाबून आरपीएम चढवून सोडला, की सिल्व्हियासारखी गाडी हसत आडवी होते. हँडब्रेक हा शेवटचा उपाय, कारण तो वेग खातो.

गाडी गोलात आणि आठात ऐकू लागली की झोनमध्ये जा. गुण कोन आणि वेग दोन्हींचे असतात, त्यामुळे सुरुवातीच्या खुणेच्या आधीच गाडी आडवी असली पाहिजे; आत शिरून आडवी करणारा पहिल्या वळणाचे गुण घालवतो. इथे एखादा तारा कमी पडत असेल तर शंभरेक अश्वशक्ती वाढवायला हरकत नाही, पण ताकद वाढवली की गिअर आणि मागची हवा पुन्हा जुळवावी लागते. जुना सेटअप पुसून त्यावर नवा ठेवू नका. प्रत्येक वेगळ्या नावाने जपा आणि नावात गाडीची ताकद, वापरायचा गिअर आणि मागची हवा लिहा: ‘सिल्व्हिया ४५० तिसरा २९’. शेअर करायचा असेल तर वर्णनात तो कंट्रोलरसाठी आहे, कीबोर्डसाठी की स्टेअरिंग व्हीलसाठी, हे नक्की टाका; उतरवून घेणाऱ्याला आतले आकडे दिसणार नाहीत, निदान एवढं तरी दिसू द्या.